पाचव्या गाण्याचा ड्रमर

गडगडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण चव्वेचाळीस वर्षांत ते नाव अंगाला इतकं चिकटलं होतं की अर्ध्या गल्लीला ते आडनावच वाटायचं, आणि एकदा तर विजेच्या बिलावरही तेच छापून आलं. तरुणपणी चार मित्रांनी मिळून रॉक अँड रोल वाजवणारा एक बँड काढला होता. गडगडे त्यात ड्रम वाजवायचे. बँडची एकच एलपी निघाली, दहा गाण्यांची. तिच्यातल्या पाचव्या गाण्याच्या ऐन मध्यावर बाकी सगळी वाद्यं थांबतात आणि एकटा ड्रम गडगडत सुटतो. हे नाव पडलं ते ड्रमच्या त्या सलग गडगडाटामुळे, त्या रोलमुळे. बँड दोन वर्षांत मोडला. पुढे गडगड्यांनी एकतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासली. ती नोकरी संपली, बायको गेली, गायक गेला, बास वाजवणारा गेला. नाव मात्र हटलं नाही.

रेकॉर्ड कंपनीच्या बाई आल्या त्या दुपारी गडगड्यांच्या दोन खोल्यांत खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मुलीने सासरहून एक आणली. सासर समोरच्याच गल्लीत होतं, आणि बँडमधला गिटारवाला हाच मुलीचा सासरा. दोघे लहानपणचे मित्र, एकमेकांच्या आयांचा मार खाल्लेले. पण मुलांचं लग्न झाल्यापासून चारचौघांत दोघेही 'अहो व्याही' करत आणि एकटे सापडले की पुन्हा अरे-तुरेवर येत. त्या दुपारी व्याही इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते.

बाईंनी पिशवीतून एक चौकोनी पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "हे तिकडचं कव्हर," त्या म्हणाल्या. "समुद्रापलीकडच्या कंपनीने तुमची एलपी नव्याने काढायला घेतलीये. पुढच्या महिन्यात तिकडच्या दुकानांत लागेल."

जुन्या कव्हरवर चौघे एका जिन्यावर उभे होते, उन्हाने डोळे बारीक करून. या कव्हरवर एकटे गडगडे होते. पंचविशीतले, केस हवेत उडालेले, दोन्ही काठ्या डोक्याच्या वर. मागे सगळा केशरी रंग. खाली परक्या लिपीत तीन अक्षरं.

"नाव बदललं त्यांनी," बाई म्हणाल्या. "त्यांच्या भाषेत याचा अर्थ गडगडाट. पाचवं गाणं पहिलं केलंय. तिकडे त्या गाण्याचं वेड लागलंय तरुण मुलांना. नाचतात त्याच्यावर. तुमच्या त्या रोलमध्ये एका ठिकाणी ठेका जरासा अडखळतो ना, त्या जागी सगळा हॉल एक पाय उचलतो आणि तसाच थांबतो. मी व्हिडिओ पाहिलाय. तीन-चारशे माणसं एका पायावर."

"अग बाई," मुलगी म्हणाली. तिने वडिलांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की गडगड्यांना खाली बघावं लागलं.

"आणि आम्ही तिघे कुठे गेलो?" व्याह्यांनी कव्हर उलटं करून पाहत विचारलं.

"मागे आहात तुम्ही. छोटे आहात, पण आहात." बाई हसल्या आणि गडगड्यांकडे वळल्या. "तुमच्याकडून एक हवंय. आत एक पान आहे. त्यावर तुमच्या शब्दांत लिहून द्या, तो रोल कसा सुचला, त्या दिवशी काय झालं. आम्ही भाषांतर करून घेऊ. आठ दिवसांत मिळेल ना?"

"बघतो," गडगडे म्हणाले.

"बघतो काय बाबा, देतील ते," मुलगी म्हणाली. "आईला पाठ होता तो किस्सा. मीच सांगते हवं तर."

बाई गेल्या, व्याही गेले, मुलगी खुर्ची घेऊन गेली. गडगड्यांनी धुतलेले कप पुन्हा धुतले. मग चपला घालून खाली उतरले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि कशाला आलो ते न आठवून परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद पुढे घेऊन बसले. 'त्या दिवशी' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. पेन ठेवलं तर बोटं टेबलावर वाजायला लागली. ती थांबवावीत म्हणून मांडीखाली घातली, तर टाच हलायला लागली. तिसऱ्या दिवशी कागदावर तेच दोन शब्द होते आणि गडगड्यांची नखं दोनदा कापून झाली होती. जेवायला बसले की उठावंसं वाटे, उठले की बसावंसं. मुलगी रोज संध्याकाळी दारातूनच विचारी, "झालं का लिहून?" आणि ते म्हणत, "होतंय."

लिहिणार काय? तो रोल त्यांनी वाजवलाच नव्हता.

खरं घडलं होतं ते असं. रेकॉर्डिंगची जागा तीन दिवसांसाठी मिळाली होती. दोन दिवसांत नऊ गाणी झाली आणि तिसऱ्या दिवशी पाचवं गाणं उरलं. त्या गाण्याचा वेग गायकाने ऐनवेळी वाढवला. गडगड्यांचे हात त्या वेगाला पुरेनात. रोल सुरू व्हायचा आणि अर्ध्यात त्याचा चुराडा व्हायचा. एकोणीस टेक झाले. मनगटं लाकडासारखी झाली, गायक आधी ओरडला आणि मग बोलायचाच थांबला. त्यात खोलीचं दार नीट मिटत नव्हतं आणि रस्त्यावरचा हॉर्न आत यायचा, म्हणून एका मिस्त्रीला बोलावलं होतं. तो बिचारा दोन तास बाहेर बाकावर बसून होता. हत्यारांची पेटी पायाशी, कानावर पेन्सिल. शेवटी तो आत डोकावून म्हणाला, "तुमचं झालं की सांगा. मला अजून एका ठिकाणी जायचंय."

"घाई असेल तर तूच वाजव," गायक त्याच्यावर खेकसला.

मिस्त्रीने पेटी भिंतीला लावली आणि खरंच येऊन बसला. कधीकाळी तो पलटणीच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा, हे त्याने नंतर सांगितलं. एकदा नुसतं वाजवून पाहिलं, आणि दुसऱ्यांदा टेप फिरत होती. गाणं संपल्यावर मिस्त्री उठला, दार बिजागरीतून काढलं, रंधा मारला, परत बसवलं, मिटून दाखवलं आणि गेला. त्याचं नाव विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. त्याच संध्याकाळी चौघांनी एकमेकांना शब्द दिला की ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. कार्यक्रमांत तो रोल आला की गिटारवाला आवाज इतका वाढवायचा आणि अशा उड्या मारायचा, की ड्रमवर काय चाललंय हे कोणाला कळूच नये. गडगडे काठ्या डोक्यावर नेत आणि जमेल तसं बडवत. नव्या कव्हरवरचा तो फोटो अशाच एका वेळचा होता.

चौथ्या दिवशी सकाळीच ते व्याह्यांकडे गेले. व्याही गॅलरीत बसून गिटारला नव्या तारा लावत होते.

"मी खरं लिहिणार आहे," गडगडे उभ्याउभ्याच म्हणाले.

व्याह्यांनी आत सून आहे का ते मान लांबवून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? चव्वेचाळीस वर्षं गप्प बसलास, अजून चार दिवस बस."

"तेव्हा एक गाणं होतं रे. दहांतलं एक. आता माझं थोबाड लावलंय त्याच्यावर."

"मग बरं आहे की. माझं लावलं असतं तर मी नाचलो असतो."

"तुला चेष्टा सुचतीये."

"चेष्टा नाही." व्याह्यांनी तार सोडून दिली. "हे बघ, तो मिस्त्री तेव्हाच आपल्यापेक्षा मोठा होता. आता असेल की नसेल कोणाला माहीत. गेलेल्या माणसाचं देणं नाही आणि घेणं नाही. तू काय चोरी केलीस? तो वाजवून उठून गेला, आपण काय त्याला पकडून ठेवायचं होतं? आणि माझ्या सुनेचा विचार कर. पोरीने शाळेत मारामाऱ्या केल्यात तुझ्या त्या रोलपायी."

"ती आधी माझी मुलगी आहे."

"म्हणूनच सांगतोय."

गडगडे तिथून निघाले ते घरी गेलेच नाहीत. दोन बस बदलून ते त्या जुन्या रेकॉर्डिंगच्या इमारतीपाशी पोचले. इतक्या वर्षांत ते त्या रस्त्याला फिरकले नव्हते. आता तिथे दातांचा दवाखाना होता. जिथे ड्रम मांडले होते तिथे मासिकांचं टेबल आणि गाल धरून बसलेली चार माणसं होती. आत डॉक्टरांच्या खोलीला दार होतं, जाड, दोन थरांचं, रंगाचे पाच-सहा हात चढलेलं. ते तेच दार होतं. त्यांना बिजागऱ्यांवरून कळलं. एवढ्या लांब बिजागऱ्या दवाखान्याच्या दाराला कोण लावेल?

"नंबर लावलाय का काका?" कंपाउंडर मुलीने विचारलं.

"दाताला नाही आलो. दार बघायचंय," गडगडे म्हणाले.

ती मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. पण गडगडे एवढे सभ्य दिसत होते आणि इतक्या अजिजीने बोलले होते, की तिने बाजूला होऊन दार धरून दिलं. भिंगं घासून घासून गडगड्यांची नजर बारीकसारीक गोष्टींना सरावलेली होती. बिजागरीच्या बाजूला, खालून हातभर उंचीवर, रंगाखाली एक आयताकृती उंचवटा होता. त्यांनी वाकून खिशातल्या किल्लीने रंग खरवडला. गाल धरलेली माणसं दुखणं विसरून बघायला लागली. खालून पितळ दिसलं, मग अक्षरं दिसली, एका कारखान्याचं नाव आणि लाकडाच्या वखारींमागच्या एका रस्त्याचं.

"हे रंगवून द्यावं लागेल हं तुम्हाला," कंपाउंडर मुलगी म्हणाली.

"देतो," गडगडे म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात येऊन खरंच देऊन गेले.

वखारींमागे तो कारखाना अजून चालू होता. दारात शाळेच्या बाकांचे सांगाडे एकावर एक रचलेले होते. केसांत भुसा पडलेली एक पन्नाशीची बाई करवतीचं मशीन बंद करून पुढे आली. गडगड्यांनी चाचरत विचारलं, की चव्वेचाळीस वर्षांपूर्वी इथे काम करणारे एक मिस्त्री, पूर्वी पलटणीच्या बँडमध्ये होते, त्यांच्याबद्दल काही...

"माझे सासरे," ती म्हणाली. "मागे बसलेत. तुमचं काही बनवायचं राहिलंय का त्यांच्याकडून? तसं असेल तर आधीच सांगते, त्यांना हल्ली लोकांची जुनी कामं आठवली की ते झोपत नाहीत."

गडगड्यांनी मनात धरलं होतं की एखादी तसबीर दाखवतील, आपण हात जोडू आणि परत येऊ.

मिस्त्री मागच्या पडवीत बसून बाकाच्या कडेवर पॉलिशपेपर फिरवत होते. ब्याऐंशी वर्षांचे, वाळक्या फांदीसारखे सुकलेले, पण हात मात्र मोठे आणि सरळ. सुनेने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "आप्पा, पाहुणे आलेत. रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार म्हणतायत."

"दार आठवतं," मिस्त्री लगेच म्हणाले. "दार आमच्या कारखान्याचंच, पण ज्याने आधी बसवलं होतं त्याने बिजागरी उलटी लावली होती. का, परत धरतंय का?"

"नाही, नाही. छान मिटतंय," गडगडे म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी ड्रम वाजवला होता. आमच्या गाण्यावर."

"हां, वाजवला असेल. तुम्ही पोरं उठायलाच तयार नव्हतात."

गडगडे समोरच्या लाकडाच्या ठोकळ्यावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. एलपीवर आपलं नाव गेलं हे सांगितलं, लोकांनी गडगडे नाव ठेवलं हे सांगितलं, आता समुद्रापलीकडे माणसं नाचतायत आणि कव्हरवर आपला फोटो आहे हेही सांगितलं. मिस्त्री ऐकत होते की नाही ते कळत नव्हतं, पॉलिशपेपर चालूच होता. शेवटी गडगडे म्हणाले, "मी तुमचं चोरलं, मिस्त्री."

"वाजवून दाखवा की ते," मिस्त्री म्हणाले. "मी कधी ऐकलंच नाही."

सुनेने आपल्या मोबाइलवर गाणं शोधून दिलं. मिस्त्रींनी मोबाइल कानाशी धरला. रोल सुरू झाला तसे त्यांचे डोळे बारीक झाले आणि मध्येच त्यांनी मान झटकली.

"परत लाव."

तिने परत लावलं.

"इथे," मिस्त्री म्हणाले. "इथे मी चुकलोय."

"तो अडखळलेला ठेका?" गडगडे म्हणाले. "अहो, त्याच्यासाठीच तर..."

"कानावरची पेन्सिल पडली माझी. तिच्याकडे बघितलं आणि एक ठोका मागे पडला. तुम्ही परत का नाही घेतलं ते? मला सांगायचं ना. मी दार थोड्या वेळाने बसवलं असतं."

समुद्रापलीकडच्या त्या हॉलमध्ये तीन-चारशे माणसं एक पाय उचलून उभी होती, ती या पेन्सिलीपायी. गडगड्यांना हसू यायला लागलं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं.

मिस्त्रींना मात्र हसू येत नव्हतं. हा माणूस काय चोरून बसलाय याच्याशी त्यांना काही देणंघेणं दिसत नव्हतं. आपलं चुकलेलं काम चव्वेचाळीस वर्षं बाजारात फिरतंय आणि आता जहाजात बसून परमुलखात चाललंय, याने ते बेचैन झाले. पॉलिशपेपर टाकून उठले, दोन फेऱ्या मारल्या. मग सुनेला म्हणाले, "ती प्लायची फळी आण. आणि दोन गोल दांडकी दे, बोटाएवढी."

"आप्पा, खांदा दुखतो ना तुमचा?"

"आण गं."

फळी दोन ठोकळ्यांवर ठेवून मिस्त्रींनी वाजवायला घेतलं. सुरुवातीला दांडकी घसरत होती. मग हात लागला, आणि पडवीत तोच रोल घुमला. वेग थोडा कमी होता, पण ठोक्याला ठोका चिकटून, कुठे एक केस इकडचा तिकडे नाही. अडखळण्याची जागा आली आणि सरळ निघून गेली. करवतीवरची दोन माणसं काम सोडून दारात येऊन उभी राहिली.

"हे असं," मिस्त्री धापा टाकत म्हणाले. "हे पाठवा त्यांना."

गडगड्यांना खोटं बोलायचा आता वीट आला होता. "मिस्त्री," ते म्हणाले, "हे बरोबर आहे. पण ते चुकलेलंच जास्त चांगलं आहे."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू कोणी वाकड्या पायाचं टेबल चांगलं म्हणतंय. "तुमची मर्जी," ते शेवटी म्हणाले. "पण नाव घालणार असाल माझं, तर खाली लिहा की पेन्सिल पडली होती. उगीच लोकांना वाटायला नको की मला येत नव्हतं."

त्या दिवशी गडगड्यांनी घरी येऊन एका बैठकीत दोन पानं लिहिली. दार, एकोणीस टेक, पेन्सिल, दिलेला शब्द, कार्यक्रमांतल्या उड्या. मिस्त्रींचं पूर्ण नाव सुनेकडून लिहून आणलं होतं, ते दोन ठिकाणी घातलं. मुलगी संध्याकाळी दारात आली तेव्हा त्यांनी पानं तिच्या हातात दिली. तिने उभ्यानेच वाचली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ती कॉटवर बसली.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"ती गेली तोपर्यंत नाही?"

"नाही सांगितलं."

"आणि पप्पांना?"

"तो तर गिटार वाजवत होता तेव्हा."

तिने पानांची घडी घातली, पुन्हा उलगडली. "म्हणजे दोन्हीकडचे मिळून तुम्ही मला..." एवढं म्हणून ती थांबली. "मी माझ्या मुलांना सांगितलंय बाबा. परवा ऑफिसात सगळ्यांना ते कव्हर दाखवलं मी. तुम्हाला तेव्हाच बोलता नाही आलं? त्या बाई इथे बसल्या होत्या, मी इथे बसले होते."

"नाही आलं," गडगडे म्हणाले.

ती गेली. सहा दिवस आली नाही. व्याह्यांशीही ती घरात मोजकंच बोलत होती, असं व्याह्यांनीच फोन करून सांगितलं. "माझा चहा दारात ठेवून जाते," ते म्हणाले. "वर तुझा राग माझ्यावर निघतोय. बरं केलंस हो."

गडगड्यांनी पाठवलेली पानं वाचून कंपनीच्या बाईंचाही फोन आला. त्या थेट कामाचं बोलल्या. कव्हर छापून झालं होतं, हजारोंनी. ते आता बदलणार नाही. आतलं पान बदलता येईल. तिकडच्या कंपनीला विचारलं, ते आधी रागावले आणि दुसऱ्या दिवशी खूश झाले. पेन्सिलीची गोष्ट त्यांना फारच आवडली होती. "मिस्त्रींचा एक फोटो मिळेल का?" बाईंनी विचारलं. गडगड्यांनी वखारींमागे जाऊन तोही आणून दिला. मिस्त्रींनी हातात रंधा धरून काढून घेतला होता. एलपीच्या निमित्ताने तिकडे एक कार्यक्रम ठेवला होता, त्याला मात्र जाणार ते व्याही. गडगड्यांनी नाही म्हणताच व्याह्यांनी अर्ध्या तासात पासपोर्टच्या फोटोसाठी केस कापून घेतले.

महिन्याभराने दोन प्रती आल्या. एक त्यांनी मिस्त्रींना नेऊन दिली. मिस्त्रींनी आतलं पान सुनेकडून दोनदा समजून घेतलं, पेन्सिलीचा उल्लेख कुठे आहे तिथे बोट ठेवायला लावलं, आणि मान डोलावली. मग गडगडे घरी परतले आणि आपली प्रत घेऊन बसले. वाटलं होतं, हे सगळं झालं की जीव थाऱ्यावर येईल. पण काहीतरी टोचतच होतं. त्यांनी मागची गाण्यांची यादी काढली. लिपी परकी होती, पण आकडे वाचता येत होते. त्यांनी एक-एक करून मोजले. आठ होते. त्यांनी परत मोजले.

बाईंना फोन लावला. "दोन गाणी कमी आहेत."

"हो, ती काढली त्यांनी," बाई म्हणाल्या. "तिसरं आणि नववं. संथ होती ना. तिकडे लोकांना नाचायला हवं असतं. त्याच दिवशी सांगितलं असतं, पण तुम्ही कव्हरच बघत होतात."

गडगड्यांनी फोन ठेवला. नववं गाणं. आजवर कोणी त्यांना त्या गाण्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आणि त्यांनीही चव्वेचाळीस वर्षांत ते एकदा नीट ऐकलं नव्हतं. एलपी लावली की सुई पाचव्यावर ठेवायची, लोक माना डोलावणार, आपण खाली बघायचं, एवढंच चालत आलं होतं. त्यांनी कपाटाच्या वरून जुना प्लेअर काढला, पुसला, जुनी तबकडी उलटी बाजू वर करून ठेवली आणि खिडकीतून समोरच्या गल्लीकडे पाहिलं. मग मुलीला फोन केला.

"येतेस का जरा? एक ऐकवायचंय."

"आता काय?" ती म्हणाली. पण दहा मिनिटांत आली. बसली नाही, दाराशीच हाताची घडी घालून उभी राहिली.

त्यांनी सुई नवव्यावर ठेवली. आधी खरखर झाली, मग गायकाचा आवाज आला, तरुण, जरा नाकातला. गिटार मागे कुठेतरी. मुलीने थोडा वेळ ऐकलं.

"यात ड्रम कुठेय?"

"ऐक नीट."

तिने कान दिला. काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशने वाजवलेल्या ड्रमचा आवाज येत होता, कोणी शेजारच्या खोलीत हलक्या हाताने झाडू मारावा तसा. मध्येच तोही थांबत होता आणि गायकाचा श्वास संपला की तेवढ्यापुरता परत येत होता.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच. पहिल्या टेकला झालं होतं."

"हे तुम्हीच वाजवलंय?"

"मीच. व्याह्यांना विचार."

"पप्पांवर माझा आता विश्वास नाही," मुलगी म्हणाली. पण ती दारापासून निघून आत आली आणि कॉटच्या कडेला टेकली. गाणं संपलं. दहावं सुरू व्हायच्या आत तिने हात पुढे केला, सुई कशी उचलायची ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून वडिलांकडे पाहिलं.

"अशी, खालून," गडगडे म्हणाले. "हळू."